खिडकीची कडी

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी खिडकीच्या चौकटीवरून पांढरं सुती फडकं एकदाच फिरवावं आणि उजेडात धरून बघावं. सोलापुरात त्या फडक्यावर धुळीचा सहसा एकच रंग सापडत नाही, आणि ही धूळ घरातल्या माणसांच्या चिडचिडीपर्यंत पोचते. बोटांत चुरली तर कणीदार लागते ती माती, रस्त्याच्या कडेची, चर खणून नीट न बुजवलेल्या गल्लीची, नाहीतर शहराबाहेरच्या रानातली. बोट फिरवलं की तेलकट काळी रेघ उमटते ती काजळी. ती डिझेलची असते, अंघोळीचं पाणी तापवणाऱ्या बंबाची असते, पेटवलेल्या कचऱ्याची असते आणि गाळपाचा हंगाम असेल तर साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाचीही. तिसरी पांढुरकी, फुंकरीनं उडणारी, जाळीच्या तारांत अडकून बसलेली, ती सुताची लव. साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठेकडे तिन्ही एकत्र मिळतात. जुळे सोलापुरात लव जवळपास नसते, माती भरपूर असते. सात रस्त्याच्या आसपास काजळी वरचढ.

एवढं कळलं तरी पुष्कळ कळलं, कारण तिघींवरचे उपाय वेगळे आहेत. मातीला ओलं फडकं लागतं, लवेला कारखान्यातच अडवावं लागतं आणि काजळीला घड्याळ लागतं. घड्याळाचं पुढे येईलच.

पण फडक्यावर जे दिसतं ते यातलं सगळ्यात भोळं. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते चौकटीवर बसायची घाई करत नाहीत. तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात. त्यांचा त्रास खोकल्याच्या आधी स्वभावात दिसतो, आणि स्वभावात दिसतो म्हणूनच तो हवेच्या खात्यावर कुणी मांडत नाही. सकाळी डबा भरताना झालेली चिडचिड सुनेच्या नावावर जाते, नाहीतर पोराच्या, नाहीतर 'आज उठल्यापासूनच डोकं फिरलंय' या वाक्यावर.

मराठीत मनाचा ताण सांगायला शब्द मात्र श्वासाचेच येतात. जीव गुदमरतो, घुसमट होते, श्वास घ्यायला फुरसत नाही. सुटलो की सुटकेचा निःश्वास टाकतो. घरातली आजी 'जीव घाबरा होतोय' म्हणते तेव्हा ती छातीबद्दल बोलतेय की मनाबद्दल, हे डॉक्टरांनाही विचारूनच घ्यावं लागतं. धुळीला इथे मराठीत धूळ, कन्नडमध्ये धूळु आणि तेलुगूत दुम्मु म्हणतात. गल्ली बदलली की शब्द बदलतो, कपाळावरची आठी तीच राहते.

ही हवा मनापर्यंत कुठल्या रस्त्यांनी पोचते ते बघू. पहिला रस्ता शरीरातला. बारीक कण फुप्फुसात पोचले की तिथल्या पेशी त्यांना परके समजून सूज आणणारी रसायनं सोडतात. ती रक्तातून सगळीकडे जातात. मेंदूच्या तळाशी एक साखळी आहे, ती त्यांनी हलते. हायपोथॅलॅमस पिट्युटरीला सांगतो, पिट्युटरी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. कुत्रा अंगावर धावून आला तर हीच साखळी हलते आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीही हीच. शांघायमध्ये ५५ निरोगी कॉलेज विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या खोल्यांत ९ दिवस हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवलं, मग काही दिवस मोकळे सोडून पुन्हा ९ दिवस तसंच दिसणारं पण आत फिल्टर नसलेलं यंत्र ठेवलं. कुठलं खरं आणि कुठलं खोटं हे मुलांना माहीत नव्हतं. धुळकट हवेच्या दिवसांत त्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन ही तणावाची संप्रेरकं वाढलेली आढळली. भांडण नाही, परीक्षा नाही, कर्जाचा हप्ता नाही. फक्त हवा. शरीर मात्र कुणीतरी अंगावर आल्यासारखं वागत होतं.

दुसरा रस्ता नाकातूनच जातो आणि तो जास्त ओळखीचा आहे. धुळीनं नाकाची आतली त्वचा सुजते, रात्री एक नाकपुडी बंद होते, तोंड उघडं पडतं, घसा कोरडा होतो. झोपेतून पूर्ण जाग येत नाही, पण झोप वरवरची होते आणि पुन्हा पुन्हा तुटते. सकाळी ८ तास झोपल्याचा हिशेब लागतो, डोकं मात्र ५ तासांचं असतं. अशा माणसाला दुपारी कुणी सहज 'काय बे, झालं का काम?' असं विचारलं तरी त्यात टोमणा ऐकू येतो. जर्मनीतल्या बुद्धिबळ स्पर्धांमध्ये खेळायच्या खोलीतली हवा मोजून चाली तपासल्या, तेव्हा धूलिकण वाढलेल्या दिवशी खेळाडूंच्या चुका वाढलेल्या दिसल्या, आणि घड्याळाचा काटा मागे लागला की आणखी. बुद्धिबळाच्या जागी उधारीची वही ठेवा, सत्तर फूट रोडवरचा ट्रॅफिक ठेवा.

तिसरा रस्ता कणांचा नाही, हतबलतेचा आहे, आणि माझ्या मते सोलापुरात हाच सगळ्यात रुंद आहे. अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमाराला गोंगाटावर प्रयोग केले. दोन गटांना तोच अवेळी येणारा कर्कश आवाज ऐकवला. एका गटाच्या हाताशी बटण दिलं आणि सांगितलं की आवाज असह्य झाला तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. दोन्ही गटांनी आवाज सारखाच ऐकला. नंतर दिलेल्या कामात मात्र बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि अवघड कोडं सोडवायचा त्यांचा चिवटपणाही जास्त टिकला. न दाबलेल्या बटणानं हे केलं.

आता सोलापूरची खिडकी बघा. एप्रिलमध्ये बंद ठेवली तर उकाड्यानं जीव जातो, उघडली तर फुफाटा. हिवाळ्यात पहाटे उघडली तर धूर, बंद ठेवली तर चार माणसांच्या श्वासानं खोली कोंदट होऊन डोकं जड होतं. कडी हातात असते आणि तरी ती बटणासारखी वाटत नाही, कारण कुठल्याही बाजूला सरकवली तरी काहीतरी गमावल्याची भावना होते. दिवसातून दहा वेळा असे हरण्याचे छोटे निर्णय घेतले की संध्याकाळपर्यंत माणूस कातावतो. म्हणून कडी कधी सरकवायची हे दर वेळी मनाशी झगडून न ठरवता एकदाच ठरवून टाकावं. त्यासाठी हवेचं वेळापत्रक माहीत हवं.

हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि तिच्या लगतची हवाही. वर मात्र त्या मानानं उबदार हवा राहते. नेहमी गरम हवा वर जाते आणि धूर घेऊन जाते, पण अशा रात्री खालची हवा थंड आणि जड असल्यानं ती हलतच नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसं होतं. संध्याकाळच्या रहदारीचा धूर, शेकोट्या, शेतात पेटवलेलं पाचट आणि पहाटेचे बंब हे सगळं त्या झाकणाखाली साठतं. ऊन जमिनीला तापवून झाकण उचलतं ते साधारण नऊ-साडेनऊला. त्यानंतर दुपारी चार-पाचपर्यंत हवा वरखाली ढवळली जाते. याचा अर्थ असा की नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सताड उघड्या ठेवाव्यात, आणि पहाटे साडेपाच ते साडेनऊ व रात्री सात ते दहा रस्त्याच्या बाजूच्या बंद. कोंदट वाटू नये म्हणून मागची, धूर नसलेल्या बाजूची एक खिडकी बोटभर उघडी असू द्यावी.

यात एक पंचाईत आहे. संभाजी तलाव, हुतात्मा बाग, पार्क स्टेडियमचा परिसर, सगळीकडे फिरणारे लोक नेमके पहाटे सहाला येतात, 'ताजी हवा' म्हणून. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, झपझप चालणारा २५ ते ३०. म्हणजे दिवसातली सगळ्यात मळकी हवा तिप्पट-चौपट घेतली जाते. पहाटेच फिरायचं हा नेम उन्हाळ्यासाठी ठीक आहे. डिसेंबरात ज्यांना जमेल त्यांनी तो संध्याकाळी साडेचार-पाचवर न्यावा. निवृत्त माणसांना हे सहज जमतं, पण पहाटेच्या कट्ट्यावरची मंडळी सुटतील म्हणून ते तयार होत नाहीत. हेही खोटं कारण नाही. मित्रांशी अर्धा तास गप्पा हाही तणावावरचा इलाजच. मग निदान चालणं हळू ठेवावं आणि गप्पा जास्त.

हंगामाचाही हिशेब आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, लागतो, शोभेचं दारूकाम होतं. लाखो पावलांची धूळ आणि जानेवारीचं झाकण एकाच आठवड्यात येतात. दम्याची औषधं चालू असलेल्यांनी ती त्या दिवसांत चुकवू नयेत आणि पाळण्यांकडे जायचं तर दुपारी उशिरा, मैदानावर पाणी मारून झाल्यावर जावं. यात्रा सोडावी असं मी कुणाला सांगणार नाही. गड्ड्याला न गेल्याची रुखरुख धुळीपेक्षा जास्त दिवस टिकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पानं गाळतो आणि झाडलोट करून ढीग लावले की कुणीतरी काडी टाकतंच. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार रुपये दंड ठरवला आहे, हे काडी टाकणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं. याच दिवसांत गच्च्यांवर कुरडया-पापडांची वाळवणं पडतात आणि गाळपही संपलेलं नसतं. वाळवणावर काजळीचे काळे ठिपके आले की ते फुंकून जात नाहीत, पुसलं तर पसरतात. जुन्या मलमलीच्या धोतराचं एकपदरी झाकण हाच उपाय, आणि ते चारी कोपऱ्यांना दगड ठेवून थोडं उंच ताणायचं. पापडाला कापड टेकलं तर चिकटतं. एवढं करून पुन्हा धुतलेले कपडे काळपट झाले तर बाईनं चिडू नये, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

वळीव सुरू झाला की त्याच्या आधीची वावटळ सोडता हवा निवळायला लागते, आणि श्रावण-भाद्रपदात कडी विसरून जावी. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस मोठा. तेवढे दोन महिने खिडकीला सुट्टी.

मोबाईलवरचा हवेचा आकडा बघायची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे, हा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर शहरांचे हवेच्या गुणवत्तेचे निर्देशांक मिळतात. पण त्या आकड्यात धूलिकणांची २४ तासांची सरासरी धरलेली असते. समजा, सकाळचे ३ तास पीएम २.५ दर घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम होतं आणि उरलेले २१ तास ४०. सरासरी येते जेमतेम ५४. भारतीय मानकाची दिवसाची मर्यादा ६० आहे, म्हणजे निर्देशांक 'समाधानकारक' दाखवणार. ज्या बाईनं ते तीन तास बंबापाशी, चुलीपाशी आणि रिक्षात काढले तिला मोबाईल सांगतो की सगळं ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस दिवसाला १५ ची आहे, ती तर दूरच. तुमचं डोकं दुखत असताना आकडा चांगला असेल तर तुम्ही वेडे नाही आहात, आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. आणि तो पंधरा-पंधरा मिनिटांनी बघू नये. ज्यावर काही करता येत नाही ते सारखं बघणं हा स्वतःच एक ताण आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस्स.

आता यंत्रमागाकडे जाऊ. १८७७ साली 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून सुताची लव या शहराच्या श्वासात आहे. मिलची चिमणी आणि भोंगा गेला, यंत्रमाग राहिले आणि पूर्व भागात तर घराला लागून राहिले. चादर आणि टॉवेल विणणाऱ्या शेडमध्ये शिरलं की आधी आवाज आदळतो. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतो त्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. कारखाना कायद्याच्या नियमांनी ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली होती, आणि धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते. मग दिसते ती लव. मागाच्या चौकटीवर, पट्ट्यावर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, कोनाड्यातल्या देवाच्या फोटोच्या चौकटीवर, माणसाच्या पापण्यांवर. टॉवेलाच्या फासांना पीळ कमी असलेलं सूत लागतं, म्हणजेच त्यातून तंतू जास्त सुटतात. वारपिंग, म्हणजे उभे धागे लावण्याच्या, आणि कांडी भरण्याच्या जागी ती सगळ्यात जास्त उडते.

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची एक विचित्र खूण आहे. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी, काम सुरू झाल्यावर काही तासांनी छाती आवळल्यासारखी होते. पुढच्या दिवसांत ते कमी होतं. कपाशीच्या बोंडाभोवतीच्या पानाच्या चुऱ्यात वाढणाऱ्या जिवाणूंचं विष याला कारण असतं असं मानतात. पिंजण्या-कातण्याच्या खात्यात धोका जास्त, विणकामात कमी. अमेरिकेतलं मानक याच हिशेबानं सूत कातण्यासाठी दर घनमीटरला २०० मायक्रोग्रॅम कापूसधूळ आणि विणण्यासाठी ७५० अशी वेगवेगळी मर्यादा घालतं. पण मनाच्या दृष्टीनं या खुणेत एक फसवणूक आहे. सुट्टीनंतर कामावर जाताना छाती आवळते, मन नको म्हणतं. घरचे म्हणतात, कामचुकारपणा. कामगार स्वतःही तसंच समजायला लागतो. छातीचा डॉक्टर त्याला एकच प्रश्न विचारेल, 'सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जास्त होतं का?' आणि फुंकर मारून तपासायची स्पायरोमेट्री कामाच्या आधी आणि नंतर करायला सांगेल. दोन्हींत फरक आला तर ते काम टाळणं नाही, आजार आहे.

शेडमधली सगळ्यात वाईट सवय म्हणजे पाळी संपताना कॉम्प्रेसरच्या हवेनं माग झटकणं. दोन मिनिटांत माग लख्ख होतो, आणि जी लव बसलेली होती ती पुढचा बराच वेळ पुढच्या पाळीच्या नाकात जाते. अंगावरचे कपडे त्याच नळीनं झटकणं तर आणखी घातक. त्याऐवजी माग बंद करावा, पंखे बंद करावेत, आधी वरच्या पट्ट्या आणि मग खालचा भाग अशा क्रमानं मऊ ब्रशनं लव ओढून घ्यावी, खाली पडलेली किंचित ओलसर गोणपाटानं गोळा करावी. गोणपाट पिळून घेतलेलं हवं. पाणी ठिबकलं तर लोखंडाला गंज आणि सुताला डाग, मग मालक पुन्हा नळी हातात देतो. व्हॅक्यूम परवडत असेल तर उत्तम. ज्या मागांच्या मधल्या बोळातून माणूस चालतो तिथे छताचा पंखा थेट मागावर मारत असेल तर त्याची जागा बदलावी आणि भिंतीच्या वरच्या भागात बाहेर फेकणारा पंखा बसवावा. तो ज्या भिंतीला लावणार तिच्या पलीकडे कुणाच्या स्वयंपाकघराची खिडकी नाही ना, हे आधी बघावं. गल्लीतली निम्मी भांडणं अशा पंख्यांपासून सुरू होतात.

विडी वळणाऱ्या बायकांचं थोडक्यात सांगायचं तर सुपातली तंबाखू घरातच असते, तीही जिथे मूल झोपतं तिथे. सूप दाराजवळ, वारा बाहेर जाईल अशा बाजूला, आणि वळणं संपल्यावर हात-तोंड धुऊन मगच भाकरी. तंबाखू चाळायचं काम घरात करू नये, अंगणात करावं.

घरातली धूळ काढताना लोक उलट्या क्रमानं चालतात. आधी केरसुणी, मग पंखा, मग पुसणं. केरसुणीनं उडालेली धूळ पंखा खोलीभर फिरवतो, आणि फरशी पुसून झाल्यावर ती निवांत पुन्हा खाली बसते. पंखा बंद करून आधी वरची फळी, मग चौकट, मग फरशी, तीही शक्यतो ओल्यानंच. इथे सोलापूरचा जुना अडथळा येतो, पाणी. रोज न येणाऱ्या पाण्यात फरशीला किती द्यायचं? दोन खोल्यांना अर्धी बादली, म्हणजे ७-८ लिटर, पुरते, पण दोन फडकी हवीत. एक ओलं पिळलेलं, दुसरं पाण्यात. सोलापुरी टॉवेलाचा डागी माल यासाठी नामी, कारण त्याचे फास ओले असताना धूळ धरून ठेवतात. साध्या सुती फडक्यानं ती नुसती ढकलली जाते. पाण्याच्या दिवशी कपडे विसळलेलं शेवटचं पाणी याच कामाला ठेवावं.

रात्रीचा मोठा शत्रू बहुतेक घरांत आतच पेटवलेला असतो. डासांच्या कॉइलवरच्या २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ कण निघतात असं मोजलं गेलं. बाहेरच्या धुरासाठी खिडकी बंद करून आत कॉइल लावणं म्हणजे पावसात छत्री उलटी धरणं. मच्छरदाणी स्वस्त आहे आणि झोपही चांगली लागते. उदबत्ती देवापुढे लावायचीच असेल तर खिडकी उघडी असतानाच्या वेळी, एकच.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचं तर दुकानदाराच्या बोलण्याआधी गुणाकार करावा. १० बाय १२ ची खोली, १० फूट उंची, म्हणजे १२०० घनफूट, जवळपास ३४ घनमीटर. तासाला हवा ५ वेळा गाळून निघावी असं धरलं तर ३४ गुणिले ५, १७० घनमीटर दर तासाला. खोक्यावर सीएडीआर म्हणून, म्हणजे तासाला किती हवा शुद्ध होते याचा, जो आकडा असतो तो निदान इतका हवा. ते शांत ठेवण्यासाठी सगळ्यात कमी वेगावर चालवलं तर त्याची ताकद फार घटते, आणि दार उघडं राहिलं तर ते गल्लीची हवा गाळत बसतं. म्हणून एकच खोली, झोपायची, दार बंद. कूलरचं मात्र उलटं. तो बाहेरची हवा आत ओढतो, त्यामुळे समोरची खिडकी उघडी नसेल तर चालतच नाही. त्याची ओली जाळी जाड धूळ पकडते, बारीक कण नाही. टाकी आठवड्याला रिकामी करून घासावी, गवताचे पॅड दर हंगामाला बदलावेत. जुन्या पॅडचा कुबट वास आला की त्यात बुरशी आहे आणि नाक पुन्हा सुजणार.

दुचाकीवर तोंडाला बांधलेला स्कार्फ ऊन आणि जाड धूळ अडवतो. पीएम २.५ त्यातून आरपार जातं. एन ९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे कणही ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला चिकटला तरच. चष्म्याच्या काचा धुकटल्या म्हणजे नाकापाशी फट आहे, पट्टी दाबून घ्यावी. डिसेंबरात अक्कलकोट रोडनं सकाळी कामावर जाताना तो जरूर लावावा. मे महिन्यात ४३ अंशांत नको, तिथे मास्कचा कोंडमाराच जास्त त्रास देतो. घरी आल्यावर नाक धुणं स्वस्त आणि गुणकारी. उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी आणि एक छोटा चमचा मीठ, साधारण साडेचार-पाच ग्रॅम. मीठ कमी पडलं तरी नाक चुरचुरतं आणि जास्त झालं तरी. नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही घालू नये, त्यातले काही सूक्ष्मजीव जीवघेणे असतात.

एवढं करून चिडचिड खरंच हवेची की दुसऱ्या कशाची, हे बघायला एक वही पुरते. चार रकाने: उठल्यावर नाक कसं होतं, रात्री किती वेळा जाग आली, दिवसभरातला वैताग शून्य ते दहा, आणि खिडकी कधी उघडली-मिटली. पाचवा रकाना सोलापूरसाठी खास, पाण्याचा दिवस होता का. हा विसरला तर सगळा हिशेब चुकतो, कारण पहाटे चारला उठून पाणी भरलेल्या दिवशी वैताग आठवर जाणारच आणि दोष हवेला लागेल. उकाडा आणि वीज गेलेली रात्र यांची खूण बाजूला करावी. आठवड्याभरात काही कळत नाही, निदान चार आठवडे हवेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र खिडकीशी खेळत बसू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं.

उरतो शेजार. तुमच्या खिडकीची कडी तुमच्या हातात असली तरी बंब शेजारच्या मावशींचा असतो. धूर थेट आत येतो तेव्हा पहिल्या दिवशी भांडायला जाऊ नये. फळ्यांच्या तुकड्यांना रंग असेल, चिंध्यांत पॉलिस्टर असेल तर धूर जास्त काळा आणि उग्र येतो, तेवढं निवडून टाकायला सांगितलं तर निम्मं काम होतं. सुकं लाकूड, कमी कोंबलेलं, खालून हवा खेळेल असं रचलं तर धूर आणखी घटतो. मग वेळेचं बोलावं. 'मावशी, बंब जरा नऊनंतर पेटवता आला तर बघा ना, पोराला रात्रभर खोकला असतो.' मावशी ऐकून घेतात, पदरानं कपाळ पुसतात. 'पेटवला असता की रे. पण सातला ह्यांची पाळी सुरू होती, आणि त्याच्या आत अंघोळ उरकाया लागती त्यांची.'